गोजरीचा लांबलचक उंबरठा

चिंचपेठ नावाचं एक गाव होतं. गाव टीचभर आणि मिजास हातभर. त्या गावात एक बाग होती, बागेला पिवळीधमक भिंत होती, आणि भिंतीच्या बाहेर, जिथं बागेचं पाणी वाहून चिखल होतो ना, बरोब्बर तिथं गोजरी राहायची.

राहायची म्हणजे काय, टेकायची! भिंतीला टेकवलेल्या दोन काठ्या, त्यावर निळा प्लास्टिकचा कागद, आणि कागद वाऱ्यानं पळून जाऊ नये म्हणून त्याच्या कडेवर विटा. आत आई हौसा, धाकटा भाऊ चिंगू, एक काळं पातेलं आणि शिंदीच्या पानांचा हा एवढा भारा. हौसा त्या पानांच्या केरसुण्या बांधायची. दिवाळीला गावातल्या घरोघरी तिचीच केरसुणी लक्ष्मी म्हणून पाटावर बसली, हळदकुंकू लावून, फुलं वाहून. लक्ष्मीला पाट मिळाला, आणि तिला बांधणारीला चिखल. हसू नका, यात हसण्यासारखं काही नाही. हसायचं पुढं आहे, तेव्हा सांगीन.

गोजरीला 'क' फार सुरेख यायचा. असा गोल, असा गुबगुबीत, की बाईंनाही तसा जमायचा नाही. का माहीत आहे? कारण ती 'क' पुन्हा पुन्हा शिकायची. जिथं कागद बांधावा तिथून कुणीतरी उठवायचं. उठवलं की गाव नवं, शाळा नवी, बाई नव्या, आणि पुन्हा आपलं 'क कमळाचा'. मग 'ख' यायचा. मग 'ग' यायचा. 'ग'पर्यंत गाडी पोचली की झालीच कुणाची तरी शिट्टी! 'ग'च्या पुढं काय असतं ते गोजरीनं कधी पाहिलंच नव्हतं. तुम्हाला ठाऊक आहे ना? मग ठेवा पोटात. शहाणपणा करून तिला सांगायला जाऊ नका.

चिंचपेठेच्या शाळेत पहिल्याच दिवशी बाईंनी विचारलं, "गोजरे, तुझं घर कुठं गं?"

गोजरी उभी राहून म्हणाली, "आज बागेपाशी आहे बाई."

सगळा वर्ग खो खो हसला. 'आज' काय म्हणते! घर काय शेळी आहे, आज इथं चरली, उद्या तिथं? पण बाई नाही हसल्या. त्यांनी फळा पुसायला घेतला, आणि पुसलेलाच फळा पुन्हा पुसत राहिल्या.

आता या बागेला एक राखणदार होता. त्याचं नाव रंगनाथ, पण पोरं म्हणायची शिट्टीमामा. मिशा एवढ्या मोठ्या, की आधी मिशा कोपऱ्यावरून वळायच्या आणि मागून मामा यायचा. फुलाला बोट लावलं, फुर्रर्र! गवतावर पाय दिला, फुर्रर्र! एकदा तर शिंक आली तेव्हा शिट्टी तोंडातच होती. आवाज ऐकून कावळ्यांनी दोन दिवस बाग सोडली होती.

एके दिवशी सकाळी मामा आला आणि ओरडला, "ए हौसाबाई! उद्या बागेत फुलांचं प्रदर्शन आहे. मोठमोठे पाहुणे यायचेत. उद्या सकाळी हे कागदबिगद इथं दिसता कामा नयेत. वरून हुकूम आहे. फुर्रर्र!"

आणि वळता वळता त्याचा पाय कुठं लागला? गोजरीच्या उंबरठ्याला!

हो, उंबरठा. कागदाच्या तोंडाशी गोजरीनं विटांच्या तुकड्यांची एक ओळ मांडली होती. तिला गेरू लावला होता. वर पांढऱ्या दगडाच्या भुकटीनं इवले इवले ठिपके दिले होते. आत चिखल, बाहेर चिखल, आणि मधे उंबरठा! पण चिंगूनं पाय पुसल्याशिवाय आत यायचं नाही, म्हणजे नाही. चिंगू अवघा तीन वर्षांचा, तोही शिस्तीत पाय पुसायचा. एका चिखलातले पाय पुसून दुसऱ्या चिखलात ठेवायचा.

मामाच्या पायानं विटा विस्कटल्या. गोजरीनं त्या परत नीट लावल्या, आणि विचारलं, "आई, आता कुठं गं?"

"बघू," हौसा म्हणाली.

हौसाचं हे 'बघू' फार वाईट असायचं. त्यानंतर खूप चालावं लागायचं. आणि या वेळी तर थंडी पडली होती, चिंगूला खोकला झाला होता. तो खोकला की निळा कागदसुद्धा थरथरायचा.

गोजरी हळूच बागेत गेली आणि बुचाच्या झाडाखाली बसली. बुचाचं झाड पाहिलंय का? नाही? मग काय पाहिलंय तुम्ही! उंच उंच, गार गार हिरवं झाड, आणि त्यावरून पांढरी फुलं येतात खाली गिरक्या घेत. लांब लांब देठाची, मधाच्या वासाची, चांदीच्या घुंगरांसारखी. त्या दिवशी फुलं थोडीच उरली होती. एक फूल गरगर गरगर फिरत आलं आणि कण्हेरीवरच्या कोळ्याच्या जाळ्यात अडकलं.

त्यातून आवाज आला, इवलासा, रागीट. "अगं, बघत काय बसलीस? सोडव ना!"

गोजरीनं बोट पुढं केलं आणि थांबली. "थांब जरा. ओढलं तर जाळं फाटेल."

"फाटू दे!"

"असं कसं? कोळ्याचं घर आहे ते."

मग तिनं एकेक धागा नखावर घेऊन इतका अलगद सोडवला, की कोळीबुवा जागेवरून हललेसुद्धा नाहीत. फूल तळहातावर आलं, उमललं, आणि आतून निघाली एक परी! अंगठ्याएवढी. बुचाच्या पाकळ्यांचा पांढरा झगा, चतुराचे असतात तसे लखलखते पंख, केसांत दवाचे मणी, आणि कानांत मोहरीएवढे गुलाबी डूल. झग्याच्या घोळाला मात्र जाळ्याचं एक जळमट चिकटलं होतं, तेवढीच तिची शान कमी.

"मी बुचुकली," ती नाक उडवून म्हणाली. "तू मला सोडवलंस, आणि माझ्यापायी दुसऱ्याचं घरही मोडलं नाहीस. तेव्हा तुला एक मागणं. पण नियम आहेत हं! आम्हा परीलोकांत नियमावाचून शिंकतसुद्धा नाहीत. पहिला नियम, मागणं आपल्या उंबरठ्यावर उभं राहून मागायचं. दुसरा, एका उंबरठ्याला एकच मागणं. तिसरा, झाडावरचं शेवटचं फूल जमिनीला लागायच्या आत मागायचं. ते फूल आज सूर्य बुडताना पडेल. हे घे, हे फूल हातात धर. उंबरठा खरा असला तर ते उजळेल."

गोजरीचे डोळे भरून आले. "बुचुकले, मला खरा उंबरठाच नाही गं, नुसत्या विटा मांडल्यात. मी तर घरच मागणार होते."

परीनं डोकं खाजवलं. दवाचे दोन मणी गळून पडले. "अगोबाई! हे नियम आमच्या आजीपरीनं केले. घर नसलेलं लेकरू असतं, हे तिच्या डोक्यातच आलं नसेल."

बघा! परीलोकातसुद्धा अशी शहाणी माणसं आहेत. घर पाहिजे तर आधी घर दाखवा!

"नियम मोडता नाही येत," बुचुकली हळू आवाजात म्हणाली. "पण तू शोध. मी वरच्या फांदीवर बसते."

गोजरी उठली आणि धावत सुटली. तिला गावातला सर्वांत सुंदर उंबरठा ठाऊक होता. तो होता वत्सलाकाकूंचा. सागवानी, पितळेची फुलं ठोकलेला, हळदीकुंकवाची बोटं ओढलेला. आणि वत्सलाकाकूंची एक गोड सवय होती. दारात कुणीही येवो, पाहुणा येवो, पोस्टमन येवो, त्या मान वाकडी करून म्हणायच्या, "या या, घर आपलंच समजा हं!" चुकून मांजर आलं तरी तोंडातून तेच निघायचं.

गोजरी पोचली तेव्हा काकू पाठमोऱ्या होत्या. पावलं ऐकून त्या म्हणाल्याच, "या या, घर आपलंच समजा हं!"

गोजरीला केवढा आनंद! ती टुणकन उंबरठ्यावर चढली. फूल वर धरलं. फूल उजळतंय का, उजळतंय का... छे! फुलानं उलट मान टाकली. शिळ्या भाजीसारखी.

काकू वळल्या. "अगं अगं अगं! तू होय? उतर आधी! पाय बघ, पाय! आत्ताच पुसलंय मी."

"काकू, तुम्ही म्हणालात ना, आपलंच समजा?"

"अगं, तसं म्हणायचं असतं."

"मग कसं समजायचं असतं?"

काकूंनी दार लावून घेतलं. मग मनाला काहीतरी टोचलं असेल, म्हणून खिडकी किलकिली करून दिवाळीची उरलेली एक करंजी बाहेर धरली. गोजरीनं करंजी घेतली, "बरं काकू," म्हणाली, आणि ती न खाता चिंगूसाठी ओच्यात बांधली.

मग ती हलवायाच्या पायरीवर उभी राहिली, तिथं फूल उजळलं नाही. देवळाच्या पायरीवर उभी राहिली, तिथं फूल जरासं डोळे मिचकावून पुन्हा मिटलं. देऊळ देवाचं. गोजरीचं थोडंच?

सूर्य उतरला. भिंतीची सावली लांब झाली. गोजरी परत आली तेव्हा हौसा पातेल्यात चहाचं शेवटचं पाणी उकळत होती, आणि भारा बांधून तयार होता. शेजारच्या कागदाखालची ठकूआजी, कागदी भिरभिरी विकायची ती, आपली भिरभिरी टोपलीत रचत होती. पलीकडं कासमचाचा सुऱ्यांना धार लावायचं चाक पोत्यात गुंडाळत होते. वरती बुचाच्या शेंड्यावर एकुलतं एक फूल डुलत होतं.

तेवढ्यात मिशा आल्या. मागून मामा. पण आता शिट्टी वाजेना. वाजवायला गेला की नुसता खोकला. खों खों खों! थेट चिंगूसारखा. अंगातला सदरा पातळ, हात काखेत.

गोजरीनं त्याच्याकडं टक लावून पाहिलं. "मामा, तुम्ही कुठं राहता हो?"

"मी?" मामानं बागेतल्या पत्र्याच्या खोपटाकडं बोट केलं. "ते फावड्या-झाऱ्यांचं खोपट. फावडी आत झोपतात, मी फावड्यांच्या मधे. पत्रा निम्मा उडालाय."

आता हा सकाळी विटांना पाय लावून गेलेला मामा. तुम्ही असता तर म्हणाला असता, बरं झालं, भोगा! खोटं नका बोलू, तुमच्या डोळ्यांतच दिसतंय. पण गोजरी म्हणाली, "मामा, चहा घ्या की. या, आत या."

"आत?" मामा हसला. "आत कुठं आहे गं बाळ?"

"ह्या विटांच्या अलीकडं आत. पलीकडं बाहेर. आणि पाय पुसून या हं."

मामानं खाली पाहिलं. गेरू लावलेल्या विटा, त्यावर ठिपके. सकाळी ज्या त्यानं पाहिल्याच नव्हत्या. त्या मोठ्या मिशा जराशा खाली वळल्या. त्यानं चपला काढल्या, बाहेर शेजारी शेजारी ठेवल्या. पोत्याला पाय पुसले. आणि विटेला धक्का लागू नये म्हणून पाय उंच उचलून, बगळ्यासारखा, आत आला.

"बसा भाऊ," हौसा म्हणाली, आणि स्वतःच्या वाटणीचा चहा त्याच्या हातात दिला. गोजरीनं करंजी सोडली. अर्धी चिंगूला, अर्धी मामाला.

आणि गोजरीच्या हातातलं फूल उजळलं!

असं उजळलं, की निळा कागद मोरपंखी झाला, काळं पातेलं रुपेरी झालं आणि मामाच्या मिशा सोनेरी झाल्या. भिरभिर भिरभिर करत बुचुकली खाली आली. "गोजरे! उंबरठा खरा झाला गं! तू त्यावरून कुणाला तरी मनापासून आत घेतलंस. माग, लवकर माग! झाडावरचं फूल सुटायला आलंय!"

गोजरी विटांवर उभी राहिली. "आम्हाला..."

आणि थांबली.

शेजारी ठकूआजी कुडकुडत होती. पलीकडं कासमचाचा. एका उंबरठ्याला एकच मागणं. मग ह्यांचं काय?

गोजरीच्या डोळ्यांत एकदम एक खोडी चमकली. हं, आता हसायला हरकत नाही! "बुचुकले, एका उंबरठ्याला एकच मागणं ना? पण उंबरठा केवढा असावा याचा काही नियम आहे का?"

परीनं बोटांवर नियम मोजले. "तसा काही नाही बाई."

"आजी! चाचा! विटा आणा, विटा! सगळ्या!"

"अगं पोरी, वीट काढली तर माझा कागद उडेल की!" ठकूआजी ओरडली.

"उडू दे आजी! माझा पण उडतोय!" आणि गोजरीनं आपल्याच कागदावरच्या विटा उचलल्या. निळा कागद फडफडला, फुगला, आणि गेला उडत बागेवरून. चिंगूनं त्याला टाटा केला. हौसानं डोळे मिटले. डोक्यावर आता नुसतं आभाळ!

आजीनं तिच्याकडं पाहिलं, बोळक्या तोंडानं "आता काय करायचं ते कर बाई," म्हणाली आणि विटा दिल्या. चाचांनी दिल्या. गोजरीनं ओळ लावत नेली, लावत नेली. स्वतःच्या कागदापासून आजीच्या कागदापर्यंत, आजीपासून चाचांपर्यंत, तिथून थेट मामाच्या खोपटाजवळच्या बागेच्या फाटकापर्यंत. आणि अगदी शेवटी एका विटेची जागा मोकळी राहिली. एकच वीट कमी!

वर फुलाचा देठ सुटला. गरगर गरगर फूल निघालं.

"मामा, तुमची वीट!"

"माझी कशाला?" मामा गोंधळला. "मी तर बागेचा माणूस."

"मामा, द्या हो!"

मामा खोपटाकडं धावला. चपला न घालता, गवतावरून! गवतावरून धावणारा पहिला माणूस, आणि कुणी शिट्टी वाजवली नाही. आतून त्यानं एक गुळगुळीत वीट आणली. मधोमध झिजलेली. रोज उशाला घेऊन घेऊन झिजली होती ती. त्यानं ती स्वतःच्या हातानं मोकळ्या जागेत ठेवली.

फूल आता गोजरीच्या डोक्यापर्यंत खाली आलं होतं.

"या उंबरठ्याच्या आत जेवढे, तेवढ्यांना घर दे!" गोजरीनं एका दमात सांगितलं. "भिंतीचं. आतून कडी लागेल असं. कुणाचं हिसकावून नको. आणि उद्या कुणी 'उठा' म्हणणार नाही, असं दे!"

टप्. फूल जमिनीला लागलं.

"फसवलंस गं चिमुरडे! आजीपरीला फसवलंस!" बुचुकली पोट धरधरून हसली. हसता हसता गोल फिरली, फिरता फिरता पांढरी झाली, पिवळी झाली, केशरी झाली, चांदण्यांचा नुसता फवारा झाली. त्या झगझगाटात झगा दिसला, मग डूल दिसले, मग नुसतं हसू ऐकू आलं, आणि मग तेही मधाच्या वासात विरून गेलं.

डोळे उघडून बघतात तो काय! भिंतीबाहेरच, चिखलापलीकडं जो उकिरडा होता, जिथं गाव आपलं सगळं नकोसं आणून टाकायचं, तिथं एक घरांची ओळ. बुचाच्या फुलांसारखी पांढरी घरं, लालचुटुक कौलं, निळी निळी दारं. आणि सगळ्यांच्या पुढं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकच लांबलचक विटांचा उंबरठा. गेरू लावलेला. त्यात एक वीट मधोमध झिजलेली.

चिंगूला भिंत नाही आवडली, कौलं नाही आवडली. त्याला आवडली कडी. लावली, काढली. लावली, काढली. खट् खट् खट्! अख्खी संध्याकाळ! हौसा आधी भिंतीला हात लावून आली, चारही भिंतींना. आजवर ती बसल्या बसल्याच झोपायची, एक हात पोरांवर, एक भाऱ्यावर. आज कडी लागली तशी ती आडवी झाली, आणि तिनं पाय लांब केले. पूर्ण लांब. आई एवढी उंच आहे हे गोजरीनं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

सकाळी दार वाजलं. बाहेर वत्सलाकाकू! हातात उबदार दुलई, मान खाली. उंबरठ्याशी येऊन थबकल्या होत्या.

"गोजरे," त्या पुटपुटल्या, "काल मी..."

"या ना काकू," गोजरी म्हणाली. "पाय मात्र पुसा हं. आत्ताच पुसलंय मी."

काकूंनी पाय पुसले. दोनदा पुसले!

शाळेत बाईंनी विचारलं, "गोजरे, आज कुठं आहे गं घर?"

"आजही बागेपाशीच बाई. उद्याही तिथंच."

या वेळी कुणी हसलं नाही. बाईच तेवढ्या हसल्या, आणि हसता हसता पदर डोळ्याला लावला. क झाला होता, ख झाला होता, ग झाला होता. दिवस गेले, आणि कुठूनही शिट्टी आली नाही. मग एका सकाळी बाईंनी फळ्यावर एक नवं अक्षर काढलं, आणि शेजारी एक छान घर. कौलं काढली, खिडकी काढली, दार काढलं. "म्हणा मुलांनो, घ घराचा!"

गोजरी जागेवरून उठून फळ्यापाशी गेली. बराच वेळ बघत राहिली.

"बाई," ती म्हणाली, "कडी राहिली."

बाईंनी खडू तिच्या हातात दिला.

झालं. गोष्ट पाय पुसून आत गेली. आता तुम्ही जा, आणि जाताना दारात कोण उभं आहे तेवढं बघा.